बिटकॉइन बाजाराची पट्टी

(पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.)

मागच्या आठवड्यात आमच्या स्टँडसमोर मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या एका पोराने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला. पाच क्रिप्टो एक्स्चेंज आणि प्रत्येकापुढे त्याची फी. कुठे ०.१ टक्का, कुठे ०.२, कुठे ०.५ आणि एकापुढे ठळक हिरव्या रंगात शून्य. खाली प्रश्न होता, "दादा, यातलं सगळ्यात स्वस्त कुठलं? तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असणार."

पेपरवाल्यांना सगळं माहीत असतं हा गैरसमज गावात अजून टिकून आहे याचा आनंद झाला. असो.

मी वीसेक वर्षं बाजार समितीच्या बातम्या करतोय. शेतकरी सकाळी भाव विचारतो, पण संध्याकाळी घरी नेतो ती पट्टी. हमाली, तोलाई आणि बाकीची कपात जाऊन हातात नेमकं काय पडलं ते त्या कागदावर असतं. त्याच्याही पुढचा प्रश्न असतो, पैसे कधी? रोख, की "पुढच्या बाजाराला बघू"? क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त देणाऱ्या व्यापाऱ्याने हंगाम संपता संपता शटर ओढल्याच्या बातम्या मी याच हाताने लिहिल्या आहेत.

पोराच्या तक्त्यात फक्त दलाली होती. पैसे आत कसे जातात आणि बाहेर कसे येतात याचा रकानाच नव्हता. बिटकॉइनच्या बाजाराचा इतिहास बघितला, तर लोक सगळ्यात जास्त अडकले ते त्याच रकान्यात. म्हणून म्हटलं, त्याला दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा जरा मागून सुरुवात करू.

बिटकॉइन सुरू झालं जानेवारी २००९ मध्ये. त्याला भाव असा नव्हताच. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ नावाने वावरणाऱ्या एका माणसाने पहिला दर जाहीर केला, एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन. हा दर कशावरून काढला? कॉम्प्युटर चालवायला विजेचं बिल किती येतं त्यावरून! त्याच महिन्यात मार्टी माल्मी या फिनलंडच्या तरुणाने ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. पैसे आले पेपाल या ऑनलाइन सेवेतून.

इथेच पहिली मेख आहे. बिटकॉइन एकदा पाठवलं की परत येत नाही, त्याची रचनाच तशी. पेपालचे किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे मात्र तक्रार केली की परत फिरवता येतात. मग भामट्यांनी काय केलं असेल? पेपालने पैसे भरले, बिटकॉइन घेतले, आणि "माझं खातं कुणीतरी वापरलं हो" म्हणून पैसे परत मागवले. विकणारा दोन्हीकडून गेला. मार्च २०१० मध्ये सुरू झालेलं ‘बिटकॉइन मार्केट डॉट कॉम’ हे पहिलं एक्स्चेंज मानलं जातं. त्याला २०११ मध्ये याच कारणाने पेपाल बंद करावं लागलं.

आजही कार्डाने पैसे भरायची फी जास्त आणि बँक ट्रान्सफरची कमी किंवा शून्य असते, त्याचं एक मोठं कारण हेच. कार्डाचे पैसे उलटे फिरू शकतात आणि ती जोखीम तुमच्या फीमध्ये धरलेली असते. युरोपातली एक्स्चेंज स्वस्त वाटायची, कारण तिथे ‘सेपा’ ही बँकांची सामायिक व्यवस्था होती आणि एका देशातून दुसऱ्या देशात युरो पाठवायला जवळजवळ खर्च नव्हता. म्हणजे स्वस्ताई एक्स्चेंजची नव्हती, बँकेची होती.

आता माउंट गॉक्स. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जुलै २०१० मध्ये जेड मॅकेलेब या अमेरिकन प्रोग्रामरने ते सुरू केलं. नावात डोंगर वगैरे काही नाही. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ आहे, त्याच्या ऑनलाइन पत्त्यांच्या देवघेवीसाठी घेतलेलं ते वेबसाइटचं जुनं नाव. २०११ मध्ये ते मार्क कार्पेलेस या टोकियोत राहणाऱ्या फ्रेंच माणसाकडे गेलं आणि दोन वर्षांत जगातल्या बिटकॉइन व्यवहारांचा मोठा हिस्सा तिथे व्हायला लागला. फी साधारण ०.६ टक्क्यापासून सुरू व्हायची, जास्त उलाढाल करणाऱ्याला कमी. तक्त्यात टाकली असती तर मधेच कुठेतरी बसली असती.

मे २०१३ मध्ये अमेरिकन सरकारने माउंट गॉक्सशी संबंधित खात्यांतले पैसे जप्त केले. पैसे पाठवण्याचा परवाना घेतला नव्हता, हे कारण. अमेरिकन गिऱ्हाईक ‘ड्वोला’ या पेमेंट कंपनीतून पैसे भरायचं, तो रस्ता बंद झाला. २० जून २०१३ ला कंपनीने डॉलर काढून घेणं थांबवलं. व्यवहार इतके वाढलेत की आमच्या बँकेला ते झेपत नाहीत, दोन आठवडे द्या, असं सांगितलं. नंतर ‘सुरू झालं’ अशी घोषणाही झाली. लोकांचे पैसे मात्र महिनोन्‌महिने निघेनात.

मग एक गंमत झाली. माउंट गॉक्सवर बिटकॉइनचा भाव बाकीच्या एक्स्चेंजपेक्षा चढा राहायला लागला, कधीकधी दहा टक्क्यांहून जास्त. नवख्या माणसाला वाटलं, वा, इथे मागणी जोरात आहे. मागणी होती, पण ती बाहेर पडायची. डॉलर निघत नाहीत, बिटकॉइन अजून निघतंय, म्हणून लोक मिळेल त्या भावाने बिटकॉइन घेऊन ते दुसरीकडे हलवत होते. ०.६ टक्के फीच्या बाजारात बाहेर पडायची किंमत दहा टक्के झाली होती आणि ती कुठल्याही फी-पत्रकात छापलेली नव्हती. आडत्याकडे पैसे अडकले की शेतकरी म्हणतो ना, "पैसे नसतील तर खताच्या गोण्या दे", त्यातलाच प्रकार.

७ फेब्रुवारी २०१४ ला बिटकॉइन काढणंही बंद झालं. २८ फेब्रुवारीला कंपनीने टोकियोच्या कोर्टात संरक्षण मागितलं. साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले साडेसात लाख ग्राहकांचे. नंतर दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये ‘सापडले’. घेणेकऱ्यांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू झाली जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षं. या काळात आमच्या तालुक्यात तीन आमदार होऊन जाऊ शकतात.

पोराच्या तक्त्यातल्या हिरव्या शून्याचाही इतिहास आहे आणि तो चीनमधला आहे. २०१३ मध्ये ‘बीटीसी चायना’ या एक्स्चेंजने व्यवहाराची फी शून्य केली. मग ह्युओबी आणि ओकेकॉइन हे स्पर्धकही त्याच वाटेने गेले. नोव्हेंबर २०१३ पर्यंत बीटीसी चायना जगात पहिल्या क्रमांकावर. उलाढालीचे आकडे बघून डोळे फिरावेत असे. पण फी शून्य असली की एकच माणूस डाव्या हाताने विकून उजव्या हाताने घेऊ शकतो, दिवसभर, फुकटात. त्यातली खरी उलाढाल किती?

डिसेंबर २०१३ मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने बँका आणि पेमेंट कंपन्यांना बिटकॉइनपासून लांब राहायला सांगितलं. १८ डिसेंबरला बीटीसी चायनाने युआनमध्ये पैसे घेणं थांबवलं. भाव कोसळला. पुढे आडवाटा निघाल्या, दलालांकडून रिचार्जसारखी व्हाउचर घेऊन खात्यात पैसे टाकणं वगैरे. आणि जानेवारी २०१७ मध्ये, सरकारी तपासणीच्या दबावाखाली, या तिन्ही एक्स्चेंजनी ०.२ टक्का फी लावली. दोन-तीन दिवसांत उलाढाल धाडकन खाली आली. तोवर जगातल्या नोंदल्या जाणाऱ्या बिटकॉइन व्यवहारांत युआनचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त दाखवला जात होता. शेकड्याला वीस पैसे लावल्याबरोबर तो हवेत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारने एक्स्चेंजच बंद करायला लावली.

आता आपल्याकडे येऊ.

रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा दिला २४ डिसेंबर २०१३ ला. तोपर्यंत बेंगळुरूचं युनोकॉइन सुरू झालं होतं. मग अहमदाबादचं झेबपे, दिल्लीचं कॉइनसिक्युअर, मुंबईचं कॉइनेक्स आणि मार्च २०१८ मध्ये मुंबईचंच वझीरएक्स. (पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण यातलं नव्हे. ते एक्स्चेंज नव्हतंच. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणारी ती साखळी योजना होती. दोन्हींची गल्लत करू नका, आमच्या काही सहकाऱ्यांनीही बातम्यांत केली होती.) २०१७ च्या डिसेंबरमध्ये भाव चढले, तेव्हा कोण किती फी घेतं यावर आपल्याकडेही खूप खल चालायचा.

६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. बँकांनी क्रिप्टोशी संबंधित कुणालाही सेवा देऊ नये, चालू संबंध तीन महिन्यांत संपवावेत. त्यात क्रिप्टोवर बंदी नव्हती, हे नीट लक्षात घ्या. घर ठेवलं होतं, दार काढून घेतलं होतं. जुलैपासून एक्स्चेंजमध्ये रुपये भरता येईनात, काढता येईनात. झेबपेने २८ सप्टेंबर २०१८ ला एक्स्चेंज बंद केलं. युनोकॉइनने तर ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये मशीनच बसवलं, नोटा भरा आणि खात्यात जमा करून घ्या. पोलिसांनी मशीन उचलून नेलं आणि सहसंस्थापकाला अटक केली. कॉइनेक्स जून २०१९ मध्ये मिटलं. यातलं एकही दुकान फी जास्त होती म्हणून बंद पडलेलं नाही.

याच काळात आपल्याकडे ‘पी टू पी’ रुजलं, म्हणजे माणसाकडून माणसाला. एक्स्चेंज रुपयाला हात लावत नाही. विकणाऱ्याचं टेदर, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, एक्स्चेंज अडकवून ठेवतं. घेणारा विकणाऱ्याच्या बँक खात्यात थेट पैसे टाकतो. पैसे मिळाले असं विकणाऱ्याने सांगितलं की टेदर सुटतं. फी बहुतेक वेळा शून्य. पण टेदरचा भाव डॉलरच्या दरापेक्षा काही रुपये जास्त, म्हणजे खरी फी भावात मिसळलेली. आपल्या जुन्या सराफांच्या पेढीवर परक्या टाकसाळीचा रुपया बदलताना बट्टा कापायचे. हा तोच बट्टा, फक्त नाव नसलेला.

आणि यातली दुसरी किंमत आमच्या ओळखीतल्या एका पोराने मोजली. हातखर्चाला म्हणून तो असं टेदर विकायचा. अनोळखी माणसाचे अठरा हजार खात्यात आले, याने टेदर सोडलं, विसरून गेला. दोन महिन्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेला तर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा सायबर पोलीस ठाण्यातून खातं गोठवलंय. ते अठरा हजार कुणाच्या तरी फसवणुकीतले होते, तीन-चार खाती फिरून याच्याकडे आलेले. याचा पगारही त्याच खात्यात. खातं सुटायला सात महिने लागले. बापाला काय सांगायचं म्हणून तो पगार उशिरा होतोय असं सांगत राहिला. फी त्याने एक पैसाही दिली नव्हती.

४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला अधिकार नाहीत असं कोर्ट म्हणालं नाही. क्रिप्टोमुळे बँकांचं काय नुकसान झालं ते दाखवता आलेलं नाही, त्यामुळे हा उपाय प्रमाणाबाहेर आहे, असं म्हटलं. लोकांना वाटलं दार उघडलं. प्रत्यक्षात काही मोठ्या बँका रद्द झालेल्या परिपत्रकाचाच दाखला देत २०२१ मध्ये ग्राहकांना मेल पाठवत होत्या. शेवटी ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तो दाखला देऊ नका.

कायदा आणि दार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे एप्रिल २०२२ मध्ये अगदी उघड दिसलं. अमेरिकेतलं मोठं एक्स्चेंज कॉइनबेस, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, ७ एप्रिलला बेंगळुरूत धूमधडाक्यात भारतात उतरलं. यूपीआयने पैसे भरा म्हणाले. त्याच दिवशी एनपीसीआयचं निवेदन आलं, की यूपीआय वापरणारं कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज आमच्या माहितीत नाही. तीन-चार दिवसांत कॉइनबेसने यूपीआय बंद केलं. रिझर्व्ह बँकेचा अनौपचारिक दबाव होता, असं त्यांच्या प्रमुखाने पुढच्या महिन्यात सांगितलं. ना कायदा बदलला, ना फी. एका निवेदनाने काम झालं.

मग कर आला आणि फीच्या तक्त्याचं उरलंसुरलं महत्त्व गेलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर. १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आणि जे फार थोड्यांना माहीत आहे ते असं, की नफा काढताना खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. म्हणजे एक्स्चेंजला दिलेली फीसुद्धा नाही.

आता त्या पोराचीच पट्टी मांडू. दहा हजारांची खरेदी, ०.२ टक्का फी म्हणजे २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. विकताना पुन्हा तेवढेच. येऊन-जाऊन ४७ रुपये. ०.१ टक्केवाल्याकडे गेला तर निम्मे वाचतील, साधारण २४ रुपये. टीडीएसचे १०० रुपये मात्र दोन्हीकडे कापले जातील. ते रिटर्न भरल्यावर हिशेबात येतात, पण तोवर अडकतात आणि रिटर्न न भरणाऱ्याचे कायमचेच. आणि ‘शून्य फी, एका क्लिकमध्ये खरेदी’वाल्याच्या घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात एक टक्क्याचा फरक असेल, तर तिथे १०० रुपये गेले. हा फरक बघायचा सोपा मार्ग म्हणजे एकाच मिनिटाला दोन्ही बटणं दाबून भाव लिहून घ्यायचे, व्यवहार पूर्ण न करता. नाणं दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवायचं असेल तर नेटवर्कची फी वेगळी. ती टक्क्यात नसते, ठोक असते, म्हणून छोट्या माणसाला जास्त चावते. काही एक्स्चेंज नाणं बाहेर काढूच देत नाहीत, फक्त रुपये देतात. हे तक्त्यात कुठे होतं?

टीडीएस चुकवायला बरेच जण परदेशी एक्स्चेंजवर गेले. तिथे बायनान्सची ०.१ टक्का फी आकर्षक होतीच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि जानेवारीत त्यांची ॲप स्टोअरवरून गेली. लोक पुन्हा अडकलेल्या पैशांची चौकशी करत फिरले. बायनान्स नंतर नोंदणी करून आणि १८ कोटी ८२ लाखांचा दंड लागून परत आलं.

पण देशी एक्स्चेंज म्हणजे सुरक्षित असंही नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. आपले जवळपास दोन हजार कोटी. ग्राहकांच्या एकूण नाण्यांपैकी साधारण ४५ टक्के. व्यवहार बंद. चोरी नाण्यांची झाली, पण रुपयेही अडकले. ऑगस्टच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने रुपये काढायला मिळाले, तेही शिल्लकेच्या ६६ टक्क्यांपर्यंत. कंपनी कुणाची यावरही वाद होता. बायनान्सने २०१९ मध्ये ती घेतल्याचं जाहीर झालं होतं, २०२२ मध्ये बायनान्स म्हणालं की तो व्यवहार पूर्णच झाला नाही. आणि नाणी परत देण्याची योजना ठरली कुठे? सिंगापूरच्या कोर्टात. आमच्याकडचा एखादा गुरुजी, ज्याने पन्नास हजार टाकले, तो सिंगापूरला घेणेकरी म्हणून ऑनलाइन मतदान करत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती योजना मंजूर झाली आणि २४ तारखेला एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं.

सुरू करताना पहिल्या तीस दिवसांसाठी फी ठेवली होती शून्य.

हे सगळं त्या पोराला दुकानात बसून सांगितलं. तो म्हणाला, "मग घालूच नको का पैसे?" म्हटलं, ते मी सांगणार नाही, तुझे पैसे आहेत. पण पाचांपैकी ज्यात घालायचे त्यात आधी हजार रुपये टाक. दुसऱ्या दिवशी काहीही न घेता पूर्ण हजार परत मागव. किती आले, किती तासांनी आले, तुझ्याच नावाच्या खात्यात आणि कंपनीच्याच खात्यातून आले का, ते लिहून ठेव. नाण्याचंही तसंच करून बघ.

काल त्याने नवा तक्ता पाठवला. शेवटी एक रकाना वाढलाय, ‘पैसे परत’. तीन ओळींत तास लिहिलेत. एका ओळीत लिहिलंय, "किमान रक्कम पाहिजे म्हणतात". हिरव्या शून्यापुढची जागा अजून कोरी आहे. हेल्पलाइनला तीन मेल करून झालेत.